रवण बसली खारघरला!

विमानतळासाठी गाव उठलं, माणसं प्लॉटवर गेली. पण कोंबड्यांचं काय झालं? एका आजीची एकवीस अंडी, एक खुडूक कोंबडी आणि टू बीएचकेतलं एक मशीन यांचा हा किस्सा.

नवी मुंबईच्या नव्या कोऱ्या एअरपोर्टवरून कधी फ्लाइट पकडलीत, तर चेक-इनच्या रांगेत उभं असताना एक नाव आठवा. कोंबडभुजे. जिथे आज रनवे, टर्मिनल आणि पार्किंग आहे, त्या ११६० हेक्टरच्या पट्ट्यात दहा गावं होती. उलवे, तरघर, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे, गणेशपुरी, वाघिवली, वाघिवली वाडा आणि हे कोंबडभुजे. उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं, गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायलाही लागली. या सगळ्यावर पेपरात रकानेच्या रकाने भरून आलेत. साडेबावीस टक्के, नामकरण, मोर्चे, सगळं तुम्ही वाचलं असेल. कोंबड्यांबद्दल मात्र कुणी एक ओळ लिहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे, मूळचा कोंबडभुज्याचा. गावाच्या नावावरून त्याची ऑफिसात जाम खेचली जाते. विरार-आगाशीकडचं भुजिंग ज्यांनी खाल्लंय त्यांना तर या नावाने भूकच लागते. बिचारा हसून सोडून देतो. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तो माझ्या डेस्कपाशी आला तो एकदम सीरियस चेहरा करून. "तुझ्याकडे ते अंडी उबवायचं मशीन आहे ना? आजीच्या कोंबड्या संपत चालल्यात गं."

मशीन होतं खरं. लॉकडाऊनमध्ये कुणी ब्रेड शिकलं, कुणी गिटार. मी लावे उबवले होते. (लावे म्हणजे क्वेल. बघता बघता अंड्यावर येतात, इन्स्टण्ट नूडल्ससारखे.) तेव्हापासून ते चोवीस अंड्यांचं प्लास्टिकचं खोकं खारघरच्या घरात माळ्यावर पडून होतं. 

त्याच शनिवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. पुनर्वसनाच्या प्लॉटवर बांधलेलं चार मजली घर, खाली गाळा, वर भाडेकरू. आजी गच्चीवर. जुन्या घराचे पत्रे वापरून तिने पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुराडं बांधलं होतं. गाव सोडताना देवघर, पत्र्याची पेटी आणि डालग्यात बारा-पंधरा कोंबड्या असं सामान तिने स्वतःच्या हाताने टेम्पोत चढवलं होतं म्हणे. आता उरल्या होत्या तीन कोंबड्या आणि एक कोंबडा. एक काळी, एक तांबूस, एक तितरासारखी ठिपक्यांची. कोंबडा मात्र सॉलिड देखणा. लालभडक तुरा, मानेवर सोनेरी झालर आणि शेपटीत हिरवट काळी झाक.

"आंगन नाय, उकिरडा नाय. कोंबरी चरंल कुठं?" आजीचा सवाल. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गावठी म्हणजे नेमकं काय?

आता तुम्ही म्हणाल, गावठी कोंबडीत काय एवढं? गटारीला गल्लोगल्ली मिळते. थांबा, इथेच तर सगळा घोळ आहे. बाजारात 'गावठी' म्हणून जे विकलं जातं त्यात गिरिराज, वनराज, कावेरी अशा सुधारित पक्ष्यांचा भरणा मोठा. हे पक्षी वाईट नाहीत. बंगळूर आणि हैदराबादच्या सरकारी संशोधकांनी, परसात वाढतील आणि अंडीही जास्त देतील असे ते मुद्दाम तयार केले. रंगीबेरंगी असतात, चालतात-फिरतात, त्यामुळे आपण शहरी लोक लगेच फसतो. तपकिरी अंड्यांचंही तेच. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, आणि तपकिरी अंडी देणाऱ्या पिंजऱ्यातल्या कोंबड्याही लाखोंनी आहेत. पण तपकिरी दिसलं की आपण डबल पैसे काढतो!

खरी गावठी कोंबडी म्हणजे कुणी ठरवून न बनवलेली कोंबडी. एका भागात, एका हवेत, शेकडो वर्षं लोकांनी पाळत, निवडत, खात आणि एकमेकांना देत तयार झालेला वाण. त्यात सगळ्या एकसारख्या दिसत नाहीत. कुणी काळी, कुणी पांढरी, कुणाची मान उघडी, कुणाची पिसं उलटी. कॉर्पोरेट भाषेत सांगायचं तर ब्रॉयलर म्हणजे प्रोसेस. एकच काम, एकच टार्गेट, पाच-सहा आठवड्यांत दोन किलो. गावठी म्हणजे जुगाडू स्टार्टअप. खाडीचा दमटपणा, भाताची कापणी, सुकटीचा चुरा, मुंगूस, घार, चार महिन्यांचा पाऊस, या सगळ्यातून जी वाचली तिचीच पुढची पिल्लं.

हिशोब मात्र परवडत नाही. पिंजऱ्यातली लेअर वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. गावठी पन्नास-साठवर थांबते आणि बाकीचा वेळ पिल्लांच्या मागे घालवते. कोंबडा कापण्याजोगा व्हायला सहा महिने तरी लागतात. म्हणून मग 'सुधारित' कोंबडा आणून कळपात सोडायचा असा सल्ला सर्रास दिला जातो. एका पिढीत अंडी वाढतात, दोन-चार पिढ्यांत जुना वाण विरघळून जातो. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाखांवर गेल्या, आधीच्या गणनेपेक्षा तब्बल ४५ टक्क्यांहून जास्त वाढ. आकडा झकास आहे, पण या परसातल्या पक्ष्यांत सुधारितही आले. त्यातल्या आजीच्या कोंबडीसारख्या किती, हे त्या बेरजेतून कळत नाही.

सरकारदरबारी नोंद असते ती नाव असलेल्या जातींची. हरियाणातल्या कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो नावाची संस्था आहे. तिच्या यादीत देशभरातल्या कोंबड्यांच्या वीसच्या आसपास जाती आहेत. मध्य प्रदेशचा कडकनाथ तुम्हाला माहीत असेलच. काळं मांस, काळी हाडं, २०१८ मध्ये झाबुआच्या नावाने जीआय टॅग, आणि मग महाराष्ट्रात त्याच्या नावाने झालेला गुंतवणुकीचा तमाशा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या कित्येक शेतकऱ्यांचे त्यात हात पोळले. आपल्या राज्याच्या वाट्याला या यादीत आलेली कोंबडी म्हणजे बुसरा, तीही गुजरातबरोबर वाटून. नंदुरबारच्या नवापूर भागातली ही छोटीशी, किलोभराची कोंबडी. आदिवासी घरांतून वाढलेली, वर्षाला चाळीस-पन्नास अंडी देणारी.

नवापूर हे नाव ओळखीचं वाटतंय? वाटायलाच हवं. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो याच गावात. रोग मोठ्या पोल्ट्री फार्मवर आढळला, पण नियमाप्रमाणे आसपासच्या परिसरातल्या सगळ्याच कोंबड्या मारायच्या असतात. त्यात दारात चरणारी कोंबडीही आली. नियम बरोबरच आहे, माणसांचा जीव आधी. पण एखाद्या वाणाचं सगळं माहेर एकाच भागात असेल तर एक साथ किती महागात पडू शकते याचा अंदाज येतो.

आणि हे सगळं नंदुरबारलाच होतं असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारी, उरण तालुक्यातल्या चिरनेरला बर्ड फ्लू आला. १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं हेच ते चिरनेर. तिथे हजाराहून जास्त कोंबड्या माराव्या लागल्या, त्याही घरोघरच्या. ही बातमी ऐकल्यापासून आजीच्या घरात 'काढून टाक त्या कोंबड्या' हा घोषा सुरू झाला होता. आजी बधली नाही. पण तीन कोंबड्या आणि एक कोंबडा एकाच गच्चीवर असणं म्हणजे सगळा डेटा एकाच पेनड्राइव्हवर ठेवणं, हे तिच्या नातवाच्या डोक्यात पक्कं बसलं.

शनिवार ते शनिवार

दहा दिवसांत तिन्ही कोंबड्यांची मिळून एकवीस अंडी जमली. रोज पेन्सिलीने तारीख टाकून, निमुळती बाजू खाली करून, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवलेली. फ्रीजमध्ये नाही हं! आणि तेवढ्यात ठिपक्यांची कोंबडी खुडूक झाली. पिसं फुलवून, गुरगुरत खुराड्यात ठिय्या मारून बसली, हात नेला की टोच.

मग आजीनेच फैसला केला. नऊ अंडी कोंबडीखाली, बारा मशीनमध्ये. "मशिनीला कोंबरीची ऊब येल का गो?" असं वर विचारलंही. थोडक्यात, कॉम्पिटिशन.

बारा अंडी स्टीलच्या डब्यात भाताच्या तुसात बसवून खारघरला आणली. प्रवासात अंड्याला धक्के बसतात. त्याच्या जाड टोकाला हवेची एक छोटी पोकळी असते ती हलते, म्हणून आणल्या आणल्या मशीनमध्ये न टाकता रात्रभर तशीच ठेवायची. ८ नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी मशीन सुरू केलं. कोंबडीचं अंडं एकवीस दिवस घेतं, म्हणजे शनिवारी लावलं की शनिवारीच पिल्लं. आयटीवाल्यांसाठी यापेक्षा सोयीचं काय असणार?

फण्डा तसा सोप्पा आहे. तापमान साडेसदतीस अंश. आर्द्रता पहिले अठरा दिवस पन्नास टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर. अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची, नाहीतर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. माझं मशीन स्वतःच फिरवतं. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वी मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवत, आणि तापमान हाताला किंवा पापणीला अंडं लावून ओळखत. माझ्याकडे दोन डिजिटल थर्मामीटर होते आणि तरी टेन्शन होतं.

सातव्या दिवशी रात्री दिवे घालवले आणि मोबाइलचा टॉर्च एकेका अंड्याखाली धरला. याला कॅण्डलिंग म्हणतात. पूर्वी मेणबत्ती धरत, म्हणून. कुणी कितीही सांगू दे, पहिल्यांदा ते दिसतं तेव्हा माणूस गप्प होतो. नारिंगी उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये एक गडद ठिपका. तो हलत होता. माझा नवरा, ज्याचं म्हणणं होतं की हॉलमध्ये पोल्ट्री नको, तो त्या रात्री पाऊण तास टॉर्च धरून बसला. बारातली दोन अंडी रिकामी निघाली, त्यांत फळच धरलेलं नव्हतं. दहा जिवंत.

अकराव्या दिवशी संध्याकाळी लाइट गेले. दोन तास! आईची गोधडी मशीनवर दुहेरी पांघरली आणि झाकण अजिबात उघडलं नाही. अंडी सावकाश निवतात, आणि रवणीवरची कोंबडीसुद्धा रोज एकदा खायला उठतेच की. पंधरा-वीस मिनिटं अंडी उघडी असतात. तेवढ्याने काही होत नाही. चौदाव्या दिवशी मात्र एका अंड्यात शिरांऐवजी लाल कडं दिसलं. म्हणजे आतला जीव गेला. लाइट गेल्यामुळे की आधीच, कोण सांगणार. उरली नऊ.

मधल्या काळात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'सी विंगमध्ये कोंबड्या पाळतात' अशी बातमी फुटली. मी सेक्रेटरींना घरी चहाला बोलावलं आणि अंधारात एक अंडं दाखवलं. त्यांनी फक्त 'आरवणार नाही ना?' एवढंच विचारलं. आरवायच्या वयाची होण्याआधी ती इथून गेलेली असतील असा शब्द दिला. दुसऱ्या दिवशी त्यांची दोन्ही मुलं टॉर्च घेऊन दारात हजर.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, पाणी वाढवायचं, झाकण बंद. आता हात लावायचा नाही. विसाव्या दिवशी, शुक्रवारी, मी घरून काम करत होते. क्लायण्ट कॉल चालू असताना मागून चिवचिव आली. पिल्लू अंड्यातून बाहेर यायच्या आधीच बोलतं, हे मला वाचून माहीत होतं. हवेच्या पोकळीचा पापुद्रा फोडून ते पहिला श्वास घेतं आणि मग आवाज काढतं. बाहेर कोंबडी असेल तर ती आतल्या पिल्लाला उत्तर देते. इथे उत्तर द्यायला माझा प्रोजेक्ट मॅनेजर होता. "इज दॅट अ बर्ड?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नॉट येट.

चोचीच्या टोकावर एक बारीक टणक दाणा असतो, अंडदात म्हणा हवं तर. त्याने पिल्लू कवचाला पहिली चीर पाडतं. मग तासन्‌तास काहीच होत नाही. आपल्याला वाटतं, अडकलं असेल, मदत करू या. अजिबात करायची नाही. त्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस खाण्यापाण्याशिवाय काढू शकतं. हॅचरीवाले एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून देशभर पाठवू शकतात ते याच जोरावर. मध्यरात्रीनंतर पहिलं पिल्लू ओलंचिंब, हाडकुळं, अत्यंत कुरूप असं बाहेर पडलं. शनिवारी दुपारपर्यंत सात झाली आणि वाळून कापसाच्या बोळ्यांसारखी दिसायला लागली. दोन कवचातच राहिली. तसं होतं, पण वाईट वाटायचं ते वाटतंच.

मशीनचा स्कोअर बारात सात. आजीला फोन केला. पलीकडून शांत आवाज आला, "तुजी सात. माजी आठ." नवातली आठ! थर्मामीटर नाही, आर्द्रता नाही, आणि लाइट जाण्याचा प्रश्नच नाही.

खुडूक होणं हीच खरी इस्टेट

हरल्याचं दुःख नव्हतं, पण डोक्यात एक गोष्ट घोळत राहिली. आजच्या धंद्याच्या कोंबडीतून माणसाने सगळ्यात आधी काय काढून टाकलं असेल तर ते खुडूक होणं. कारण सरळ आहे. रवणीवर बसलेली कोंबडी अंडी देत नाही. एकवीस दिवस अंड्यांवर, मग दीड-दोन महिने पिल्लांमागे. धंद्याच्या भाषेत शुद्ध लॉस. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खुडूक न होणाऱ्या कोंबड्यांचीच पैदास केली गेली आणि उबवायचं काम मशीनवर गेलं. आज लेअर कोंबडीला स्वतःची अंडी उबवायची आठवण जवळपास राहिलेलीच नाही. ती पुढच्या पिढीसाठी हॅचरीवर, आणि हॅचरी अंड्यांसाठी मोजक्या ब्रीडिंग कंपन्यांवर अवलंबून.

आजीच्या कोंबडीला यातलं कुणीच लागत नाही. मूठभर कणी, एक टोपली आणि शेजारी कुठेतरी एक कोंबडा. हे कौशल्य विकत मिळत नाही, आणि मशीनमधून सलग पिढ्या काढत गेलं तर गावठीतूनही ते हळूहळू निघून जाणार. कारण मशीनला, आई खुडूक होणारी होती की नाही, याने काहीच फरक पडत नाही. म्हणजे माझं खोकं अडचणीच्या वेळी एखादा वाण वाचवू शकतं. मात्र त्याच्यावरच विसंबलं तर ज्यासाठी वाण वाचवायचा तेच हरवेल. हे मला कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडलं नाही, गच्चीवर सापडलं.

रविवारी संध्याकाळी सातही पिल्लं शू बॉक्समध्ये घालून आजीकडे नेली. तोवर ती माझ्या चपलेला आई समजायला लागली होती. जन्मल्यावर पहिल्यांदा जे हलतं दिसेल त्याच्या मागे जायचं, ही पिल्लांची जुनी खोड. कोनराड लोरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हंसांच्या पिल्लांवर याचाच अभ्यास केला होता आणि १९७३ च्या नोबेलमध्ये वाटा मिळवला होता. आजीने लोरेन्झ वाचलेला नाही. तिने अंधार पडायची वाट पाहिली, कंदिलाची वात बारीक केली आणि एकेक पिल्लू ठिपक्यांच्या कोंबडीच्या पंखाखाली सरकवलं. कोंबडी नुसती गुरगुरली. सकाळी ती पंधरा पिल्लं घेऊन बाहेर आली, जणू सगळी तिचीच. पिल्लं एक-दोन दिवसांची असतानाच हे जमतं, नंतर कोंबडी परकं पिल्लू टोचून काढते.

पुढच्या आठवड्यात गंमत बघितली. कोंबडी एक विशिष्ट आवाज काढते आणि सगळी पिल्लं क्षणात तिच्याखाली. वर बघितलं तर घार. पहिल्या दिवशी आठ पिल्लं पळायची आणि माझी सात तशीच उभी, चपला शोधत. चौथ्या दिवशी पंधराही पळायला लागली. तरी एक पिल्लू घारीने नेलंच. दुसऱ्या दिवशी नातवाने गच्चीवर मासेमारीचं जुनं जाळं बांधलं.

लसीचा किस्सा वेगळाच. गावठी कोंबडी कितीही काटक असली तरी मानमोडी म्हणजे राणीखेत रोग आला की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब पडला की बचाव होतो. पण बाटली येते शंभर डोसांची, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. चौदा पिल्लांसाठी शंभर डोस! मग आजीने फोनाफोनी केली. ओळखीपाळखीच्या घरांतून लोक पिशव्यांतून, खोक्यांतून आपापल्या कोंबड्या घेऊन आले. विमानतळाच्या दहा गावांतली कोण कुठल्या प्लॉटवर गेली आणि कुणाच्या गच्चीवर अजून जुन्या वाणाची कोंबडी आहे, हे त्या एका दुपारी कळलं. मी मोजली तेव्हा एकोणतीस कोंबड्या आणि सहा कोंबडे होते. ज्या घरांनी 'आता काय, संपल्या' असं गृहीत धरलं होतं, त्यांना त्या दिवशी एकमेकांचे कोंबडे दिसले.

कोंबडे दिसले हे महत्त्वाचं. आजीच्या कळपाचा खरा प्रॉब्लेम संख्येचा नव्हताच, नात्याचा होता. एकच कोंबडा म्हणजे सगळी पिल्लं एकमेकांची सख्खी नाहीतर सावत्र भावंडं. त्यांचीच पुढे पैदास झाली की अंडी फळत नाहीत, पिल्लं अशक्त होतात. माझी ती दोन रिकामी अंडी त्यातलीच असू शकतात. यावर आजीचा नियम जेनेटिक्सच्या पुस्तकापेक्षा छोटा आहे. "घरचा कोंबरा घरच्या तलंगेला नाय ठेवायचा." गावात असताना हा नियम आपोआप पाळला जायचा, कारण कोंबड्यांना कुंपण नव्हतं. शेजारच्या आळीचा कोंबडा आपल्या अंगणात, आपला त्यांच्या. प्रत्येक घराला स्वतंत्र गच्ची मिळाली आणि ती देवाणघेवाण बंद पडली. दहा गावांच्या कळपाचे बघता बघता पन्नास वेगळे पिंजरे झाले. कोंबडी नामशेष व्हायला रोगच लागतो असं नाही, जिन्याचं दार लावलं तरी पुरतं.

जाता जाता एक गोष्ट सांगते. ब्रॉयलरच्या पिवळ्या पायांकडे कधी बघितलंत? कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, पण त्वचेतल्या या पिवळेपणाचं जनुक २००८ च्या एका संशोधनानुसार करड्या रानकोंबड्याकडून आलं. आणि हा करडा रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीतला, भारताबाहेर न सापडणारा. जगभरच्या कोंबड्यांच्या पायात आपल्या जंगलाचा रंग फिरतोय, आणि आपण 'गावठीत काय एवढं' विचारतो.

एक्सेल शीट आणि आजी

जानेवारीच्या शेवटी पिल्लं आईला सोडून स्वतंत्र चरायला लागली. वाटणी आधीच ठरली होती. पाच आजीच्या गच्चीवर, पाच गव्हाणला आजीच्या बहिणीकडे, तिच्याकडे अजून खरं अंगण आहे, आणि चार नातवाच्या मामाकडे पेण तालुक्यात. तीन ठिकाणं, एकमेकांपासून पुरेशी लांब. म्हणजे उद्या एखाद्या गावात साथ आली तरी बाकीची दोन घरं उरतील. गव्हाणहून त्या बदल्यात एक तरणा कोंबडा आजीकडे आला. आजीच्या जुन्या देखण्या कोंबड्याची पेणला बदली झाली, प्रमोशनवर. त्याला मानाला द्यायचा की ठेवायचा यावरून घरात दोन दिवस चर्चा झाली, शेवटी नातवाने तो स्वतःच गाडीत घातला.

शर्त एकच ठरली. शेळी जशी अर्धलीने पाळायला देतात तसंच. ज्याच्याकडे तलंग गेली त्याने तिच्या पहिल्या रवणीतली निम्मी पिल्लं अशा घरी द्यायची जिथे जुना वाण संपलाय. लस टोचायला आलेल्यांपैकी चार घरांनी आधीच नंबर लावलाय. विकायची नाहीत, सुधारित कोंबडा मध्ये आणायचा नाही. आणि निदान एक रवण मशीनशिवाय, कोंबडीखालीच बसवायची. ही शेवटची अट माझी, आणि ती ऐकून आजी पहिल्यांदा माझ्याकडे बघून मनापासून हसली.

आमचा टीममेट शेवटी आयटीवाला तो आयटीवालाच. त्याने या सगळ्याची एक्सेल शीट केली आहे. चौदा ओळी, प्रत्येकीची आई, जन्मतारीख, मशीन की कोंबडी, सध्याचा पत्ता, पायातल्या रिंगचा रंग. आजीला तो दर रविवारी वाचून दाखवतो. तिला शीट लागत नाही, चौदाही तिला चालीवरून ओळखू येतात. नवव्या ओळीतली एक तांबूस तलंग, माझ्या मशीनमधली, तिच्याच गच्चीवर आहे. शेऱ्याच्या रकान्यात नातवाने आजीचं मत जसंच्या तसं टाइप केलंय. "ही खुडूक होल. आतापासून कोपरा शोधते."